डिझेल नावाचा माणूस

थंडीच्या दिवसांत जुनी डिझेल गाडी सकाळी पहिल्यांदा सुरू केली की कधी कधी इंजिनाच्या पुढच्या बाजूने खळखळ असा आवाज येतो. डब्यात खिळे टाकून हलवावेत तसा. दोन-चार सेकंद टिकतो आणि जातो. मालकाला वाटतं, जुनं इंजिन आहे, कुरकुरणारच. जाणता मिस्त्री मात्र कान टवकारतो. टायमिंग चेन ढिली पडली आहे आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर थकला आहे, हे त्याला त्या दोन सेकंदांत कळतं.

ज्यांनी कधी गाडीचं बॉनेट उघडलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट फिरतो आणि वर कॅमशाफ्ट. खालच्याचे दोन फेरे होतील तेव्हा वरच्याचा बरोबर एक व्हायला हवा, म्हणजे झडपा आपापल्या वेळी उघडतात आणि मिटतात. या दोघांना बांधून ठेवते ती साखळी. बऱ्याच जुन्या डिझेल इंजिनांत हीच साखळी इंधनाचा पंपही फिरवते, तेव्हा डिझेलचा फवारा नेमका कधी उडायचा तेही तीच ठरवते. वर्षानुवर्षं फिरून साखळीच्या खिळी झिजतात आणि तिची लांबी किंचित वाढते. ती ढील खाऊन टाकणं हे टेन्शनरचं काम. वस्तू केवढीशी! एक दट्ट्या, आत स्प्रिंग, आणि मागून ऑइलचा दाब. दट्ट्या एका वाकड्या पट्टीला रेटतो आणि पट्टी साखळीला. रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल खाली उतरलेलं असतं, म्हणून सकाळी दाब येईपर्यंत ती खळखळ.

दुर्लक्ष केलं तर एखाद्या दिवशी साखळी दात सोडते. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबायची असते की पिस्टन वर आला म्हणजे त्याच्या डोक्यावर जागा जवळजवळ उरतच नाही. वेळ चुकली की पिस्टन आणि झडप एकमेकांवर आदळतात. थोड्या पैशांच्या टेन्शनरपायी सगळं इंजिन खोलायची वेळ येते.

टेन्शनर बदलताना चांगला मिस्त्री आधी इंजिन खुणेवर आणतो. नुसता टेन्शनर बदलून भागेल की साखळीच झिजली आहे, ते तपासतो, कारण झिजलेल्या साखळीवर नवा टेन्शनर बसवणं म्हणजे आवाज तेवढा बंद करणं. मग येते खरी मेख. अनेक टेन्शनरांच्या दट्ट्याला करवतीसारखे दाते असतात. तो पुढे सरकतो, मागे येत नाही. म्हणून एकदा सैल केलेला टेन्शनर तसाच पुन्हा आवळायचा नसतो. पूर्ण बाहेर काढायचा, दट्ट्या मोकळा करून मूळ जागी आणायचा आणि मगच बसवायचा. नाहीतर साखळी नको तितकी ताणली जाते आणि ढिलाईने झालं नसतं ते नुकसान ताणाने होतं. सगळं बसलं की क्रँक पान्याने हाताने दोन फेरे फिरवायचा, खुणा पुन्हा जुळतात का पाहायचं, आणि त्यानंतर किल्ली.

ज्याचं नाव आपण पेट्रोल पंपावर रोज घेतो त्या माणसाला ही खटपट कधी पाहायला मिळाली नाही. डिझेलवर चालणारी मोटारगाडीच त्याच्या हयातीत रस्त्यावर आली नव्हती. पण नेमक्या क्षणी नेमका दाब ही त्याचीच कल्पना. स्वतःच्या आयुष्यातला ताण मात्र त्याला कधी मूळ जागी आणता आला नाही.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील मूळचे बव्हेरियाचे. वडील थिओडोर कातडी वस्तू बनवणारे कारागीर. घरची परिस्थिती बेताचीच. तयार माल गिऱ्हाइकांकडे पोचवायचं काम लहानग्या रुडॉल्फकडे असे, आणि वाटेतून सटकून तो जात असे एका यंत्रांच्या संग्रहालयात. क्यून्यो नावाच्या फ्रेंच लष्करी इंजिनिअरने अठराव्या शतकात केलेली वाफेची गाडी तिथे होती, आजही आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या धुडासमोर हा मुलगा उभा राहून चित्रं काढी.

बाराव्या वर्षी शाळेत पदक मिळालं, पुढच्या शाळेत जायचं ठरलं, आणि १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं. पॅरिसमधले जर्मन लोक एका रात्रीत परके झाले. डिझेल कुटुंब मिळेल ते घेऊन लंडनला गेलं. तिथे सगळ्यांचं पोट भरेना, म्हणून रुडॉल्फला एकट्याला आउग्सबुर्गला नातेवाइकांकडे पाठवून दिलं. युद्धाच्या धामधुमीत बारा वर्षांच्या पोराला तो प्रवास करायला आठ दिवस लागले. नातलग, बार्निकेल नावाचे, गणिताचे शिक्षक होते. त्यांच्या घरात पुस्तकं होती, शिस्त होती. पोरगा पहिला येऊ लागला. चौदाव्या वर्षी त्याने आईवडिलांना कळवून टाकलं की आपण इंजिनिअर होणार. वडिलांना त्याने लवकर कमावतं व्हायला हवं होतं. शिष्यवृत्तीच्या बळावर तो म्युनिकच्या तंत्रशाळेत गेला.

तिथे त्याला गुरू भेटले कार्ल फॉन लिंडे. बर्फ बनवायच्या यंत्रांचे जनक म्हणून त्यांचं नाव आहे. उष्णतेचं शास्त्र शिकवताना लिंडे यांनी वर्गात सांगितलं की वाफेचं इंजिन जळालेल्या कोळशातल्या उष्णतेचा सहा ते दहा टक्के भागच कामाला लावतं. बाकी सगळी धुराड्यातून आणि पाण्यातून वाया. साऱ्या जगाची चाकं ज्या वाफेवर फिरत होती तिचा हा हिशेब! वर्गातल्या इतर मुलांनी तो वहीत उतरवून घेतला आणि परीक्षेत लिहिला. डिझेलच्या मात्र तो मानगुटीवर बसला. शंभरातले नव्वद जर वाया जात असतील तर कुठेतरी मोठी चूक होते आहे, असं त्याला वाटलं, आणि पुढची पंधरा वर्षं वाटतच राहिलं.

१८७९ मध्ये शेवटच्या परीक्षेच्या वेळी विषमज्वराने गाठलं. जानेवारी १८८० मध्ये परीक्षा दिली आणि अव्वल गुणांनी उत्तीर्ण झाला. लिंडे यांनी त्याला पॅरिसच्या बर्फ कारखान्यावर नेमलं आणि वर्षभरात तो तिथला मुख्य झाला. १८८३ साली मार्था फ्लाश हिच्याशी लग्न झालं, पुढे तीन मुलं झाली. दिवसा बर्फ विकायचा आणि रात्री आगीचा विचार करायचा, असा त्याचा क्रम. वाफेऐवजी अमोनिया वापरून इंजिन करण्यात त्याने कित्येक वर्षं घालवली. त्यातून इंजिन निघालं नाही, पण जास्त दाबाशी खेळायची सवय लागली.

मग विचार उलटा फिरला. सायकलच्या पंपात जोरजोराने हवा भरताना पंप हाताला गरम लागतो, हे आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे. हवा दाबली की तापते. खूप दाबली तर इतकी तापते की तेलाचा फवारा तिच्यात गेल्याबरोबर आपोआप पेट घेतो. वेगळी ठिणगी लागत नाही. आग्नेय आशियात अशी एक नळी पूर्वीपासून वापरात होती; तिच्यात दट्ट्या झटक्याने दाबून कापूस पेटवत. डिझेलने हेच तत्त्व लोखंडात उतरवायचं ठरवलं. फेब्रुवारी १८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९३ मध्ये पेटंट मिळालं. त्याच वर्षी त्याने आपल्या सिद्धांतावर पुस्तक छापून सगळ्या मोठ्या कारखानदारांना पाठवलं. लक्षात घ्या, या घडीला त्याच्यापाशी चालणारं इंजिन नव्हतं. कागद होते. पण आउग्सबुर्गच्या यंत्र कारखान्याचे प्रमुख हाइनरिश बुत्स यांनी ते कागद गंभीरपणे घेतले आणि पाठोपाठ क्रुप कंपनीही आली.

१० ऑगस्ट १८९३ रोजी पहिली चाचणी झाली. सिलिंडरमध्ये दाब ८० वातावरणांच्या आसपास चढला आणि मोजणीचं उपकरण तोफेसारखा आवाज करून फुटलं. डिझेल आणि त्याचे सोबती थोडक्यात बचावले. दुसरा कोणी असता तर घरी गेला असता. डिझेलने यातून काढलेला अर्थ असा की दाबलेल्या हवेत इंधन पेटतं हे सिद्ध झालं. पुढचे सहा महिने तो इंजिन सुधारत राहिला.

१७ फेब्रुवारी १८९४. चाचणीचं इंजिन कारखान्यातल्या दुसऱ्या यंत्राला पट्ट्याने जोडलेलं असे आणि ते यंत्रच त्याला फिरवत असे. लिंडर नावाचा मेकॅनिक वर उभा होता. त्याला एकाएकी दिसलं की पट्ट्याचा ताण उलटा पडला आहे. आतापर्यंत पट्टा इंजिनाला ओढत होता, आता इंजिन पट्ट्याला ओढू लागलं होतं. लिंडर काही बोलला नाही. त्याने नुसती डोक्यावरची टोपी काढली, आणि ती पाहून खाली उभ्या डिझेलला कळलं, असं सांगतात. इंजिन जेमतेम एक मिनिट स्वतःच्या बळावर चाललं. शोधांच्या इतिहासात एवढा कमी गाजावाजा झालेला क्षण क्वचितच असेल.

त्यापुढेही तीन वर्षं गेली. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्रोफेसर श्र्योटर यांनी तिऱ्हाईत म्हणून इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. तीन मीटर उंच, साडेचार टन वजनाचं ते धूड मिनिटाला १५४ फेरे घेत होतं आणि ताकद अठरा अश्वशक्तीच्या आसपास. पण इंधनातल्या उष्णतेपैकी २६.२ टक्के त्याने कामाला लावली होती. वाफेच्या अडीचपटीहून जास्त. म्युनिकच्या वर्गातलं ते वाया जाणं आता खरोखर कमी झालं होतं.

इथून पुढे या गोष्टीत पैसा येतो. मी उमेदीची सगळी वर्षं बँकेत काढली आहेत, तेव्हा हा भाग माझ्या नजरेतून सुटणं कठीण. ग्लासगोच्या कंपनीने हक्क घेतले. अमेरिकेतले बिअरचे कारखानदार अडोल्फस बुश यांनी दहा लाख मार्क मोजले. रशियासाठी नोबेल घराणं पुढे आलं. १८९८ मध्ये आउग्सबुर्गला खास कंपनी स्थापन होऊन तिने डिझेलचे सगळे हक्क ३५ लाख मार्कांना घेतले. चाळिशीचा माणूस, वडिलांचा माल घरोघरी पोचवलेला, आता लक्षाधीश.

पण इंजिन बाजारात जाण्याइतकं पिकलं नव्हतं. प्रयोगशाळेत खुद्द शोधकर्त्याच्या हाताखाली चालणं वेगळं आणि परगावच्या कारखान्यात साध्या कामगाराच्या हाती चालणं वेगळं. केम्प्टनच्या आगपेटी कारखान्यात बसवलेलं पहिलं व्यापारी इंजिन सारखं बंद पडू लागलं. बाकीच्या गिऱ्हाइकांच्याही तक्रारी आल्या. भरीला हक्कांवरून वाद. आधीच्या कोणकोणत्या शोधात काय होतं यावर कोर्टकचेऱ्या. इंग्लंडचे अक्रॉइड स्ट्युअर्ट यांनी १८९० मध्येच ठिणगीशिवाय चालणारं इंजिन केलं होतं, हे खरंच आहे. पण त्यात सिलिंडरला जोडलेला एक भाग आधी बाहेरून तापवावा लागे. नुसत्या दाबाने पेटवणं हे डिझेलचं. या सगळ्या ओढाताणीत त्याची प्रकृती ढासळली आणि काही महिने विश्रांतीगृहात काढावे लागले. अर्धशिशी तर जन्माची सोबतीण होती.

हातातल्या पैशाचं त्याने काय केलं? म्युनिकच्या उच्चभ्रू वस्तीत महालासारखं घर बांधलं. जमिनींच्या सट्ट्यात उतरला. गालिशियातल्या तेलविहिरींत पैसा घातला. असे कर्जदार बँकेत टेबलापलीकडे बसलेले मी पाहिले आहेत. कागदावर मालमत्ता भरगच्च आणि महिन्याचं व्याज भरायला रोकड नाही. बोलणं हुशारीचं, कपडे उंची. जमीन विकायला निघावं तर तेव्हाच बाजार पडलेला. यंत्रातली कणभर ढील न खपणाऱ्या माणसाला स्वतःच्या खातेवहीतली ढील दिसू नये याचं काहींना नवल वाटेल. मला वाटत नाही. बारा वर्षांचा असताना ज्याने घर एका रात्रीत उधळलेलं पाहिलं, त्याला दगडाविटांच्या घराचा मोह पडणारच.

तो नुसता पैशाच्या मागे होता असंही नाही. आपलं इंजिन लहान कारागिराच्या उपयोगी पडेल, मोठ्या वाफयंत्रांच्या मालकांपुढे तो टिकेल, ही त्याची मूळची आस होती. १९०३ मध्ये त्याने कामगारांनी एकत्र येऊन कारखाने चालवावेत अशा विचारांचं पुस्तक लिहिलं. दहा हजार प्रती छापल्या, खपल्या काही शेच. स्वतःच्या दृष्टीने त्याला हे पुस्तक इंजिनाइतकंच मोलाचं वाटत होतं.

आणि एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकांना गंमतीची वाटेल. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ऑटो कंपनीने मांडलेलं एक लहान डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवलं गेलं. आफ्रिकेतल्या आपल्या वसाहतींत भुईमूग पिकतो, तिथे बाहेरून इंधन न्यायची गरज पडू नये, असा फ्रेंच सरकारचा विचार त्यामागे होता. शेवटच्या वर्षांत डिझेलनेही वनस्पती तेलांवरचा आपला विश्वास बोलून दाखवला होता. लहान माणसाच्या हाती इंजिन हे त्याचं स्वप्न मात्र आपल्या मातीत बरंच खरं झालं. १९४६ मध्ये शंतनुराव किर्लोस्करांनी पुण्याला खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना काढला आणि पुढच्या काळात विहिरीच्या काठी ठकठक करणारं इंजिन महाराष्ट्रातल्या गावोगावी दिसू लागलं. मोटेचे बैल सुटले. सातारा भागातल्या शाखेत मी असताना विहीर आणि इंजिन यांसाठी कर्जाचे कागद किती केले त्याची गणती नाही. ते घेणाऱ्या कोणालाही डिझेल हे कोणा माणसाचं नाव आहे हे ठाऊक नव्हतं, आणि खरं तर शाखेतही फारसं कोणाला नव्हतं.

१९१२ साली त्याचं नाव शिखरावर होतं. कोपनहेगनमध्ये बांधलेलं सेलांडिया हे जहाज डिझेल इंजिनांवर समुद्र ओलांडून पूर्वेकडे गेलं. कोळसा भरणारे स्टोकर नाहीत की धुराचा लोट नाही. लंडनला ते लागलं तेव्हा आरमारमंत्री चर्चिल स्वतः पाहायला गेले. डिझेल अमेरिकेत व्याख्यानं देऊन आला, एडिसनला भेटला. पण पेटंटांची मुदत संपली होती, त्यांचं उत्पन्न थांबलं होतं. त्याच वर्षी बर्लिनला इंजिनाच्या जन्माची कहाणी सांगायला तो उभा राहिला तर जाणत्या प्राध्यापकांनी त्याच्यावर टीका केली: मूळ सिद्धांत आणि प्रत्यक्षातलं इंजिन यांत फार अंतर आहे, इंजिन घडवलं ते आउग्सबुर्गच्या कारखान्याने. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण कारखान्याला तिथवर खेचत कोणी नेलं?

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी तो अँटवर्पहून ड्रेस्डेन नावाच्या बोटीवर चढला. इंग्लंडमध्ये इप्सविचला नवा कारखाना उभा राहत होता, तिकडे निघाला होता. सोबत बेल्जियममधले कारखानदार कारेल्स आणि त्यांचे इंजिनिअर. तिघं एकत्र जेवले, डेकवर फिरले. दहाच्या सुमारास डिझेल केबिनमध्ये गेला. सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून ठेवलं होतं. सकाळी केबिन रिकामी. रात्रीचा झगा बिछान्यावर तसाच ठेवलेला, घड्याळ बिछान्यातून दिसेल असं लावलेलं. टोपी आणि घडी केलेला ओव्हरकोट मागच्या डेकवर कठड्यापाशी सापडला. रोजनिशीत त्या तारखेपुढे एक फुली होती.

दहा-बारा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात प्रेत दिसलं. समुद्र खवळलेला होता. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि प्रेत पुन्हा पाण्यात सोडलं. व्लिसिंगेन बंदरात धाकट्या मुलाला, ऑइगेनला, त्या वस्तू दाखवण्यात आल्या. गोळ्यांची डबी, चष्म्याचं घर, चाकू. ऑइगेनने त्या ओळखल्या.

तर्क पुष्कळ झाले. जर्मन हेरांनी मारलं, कारण पाणबुड्यांना हीच इंजिनं लागत आणि हा निघाला होता इंग्लंडला. तेल कंपन्यांनी काटा काढला. तो मेलाच नाही, नाव बदलून कुठेतरी राहिला. आजही यावर पुस्तकं निघतात आणि खपतात. मी खातेवही उघडतो. त्याच्या मृत्यूनंतर उघड झालं की घरात जवळजवळ काहीच उरलेलं नव्हतं आणि देणं डोंगराएवढं होतं. निघण्यापूर्वी बायकोच्या हाती त्याने एक बॅग दिली होती आणि आठवडाभर उघडू नकोस असं सांगितलं होतं, असं म्हणतात. तिच्यात वीस हजार मार्क रोख होते, आणि बँकेतली खाती रिकामी असल्याचे कागद.

मुलाने पुढे वडिलांचं चरित्र लिहिलं.

इंजिन वाढत राहिलं, म्हणजे खरं तर लहान होत गेलं. डिझेलच्या काळात इंधन आत फवारायला दाबलेली हवा लागे आणि तिच्यासाठी वेगळा भला मोठा कॉम्प्रेसर. गाडीत ते मावणं शक्य नव्हतं. १९२७ मध्ये बॉश कंपनीचे इंधन पंप कारखान्यातून निघू लागले तेव्हा वाट मोकळी झाली. १९३६ च्या बर्लिन प्रदर्शनात मर्सिडीजची २६०-डी ही मोटार मांडली गेली: चार सिलिंडर, ४५ अश्वशक्ती. टॅक्सीवाल्यांनी ती डोक्यावर घेतली. शोधकर्ता जाऊन तेव्हा तेवीस वर्षं झाली होती.

१८९७ चं ते तीन मीटर उंच इंजिन म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये ठेवलेलं आहे. आउग्सबुर्गच्या एका बागेत त्याचं स्मारक आहे, १९५७ मधलं. त्यातले दगड जपानहून आले. पाठवणारे होते यामाओका, यानमार कंपनीचे संस्थापक. शेतकऱ्याला आणि मच्छिमाराला परवडेल असं लहान डिझेल इंजिन त्यांनी जपानात बनवलं होतं.